रात्री कोण उठतं?

लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडे बॉइल हाइट्स आणि ईस्ट लॉस एंजेलिस या वस्त्या आहेत. घरं बहुतेक मेक्सिकोहून आलेल्यांची, अधूनमधून एल साल्वादोर आणि ग्वातेमालाची. दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, चर्चमधली मिस्सा स्पॅनिश, बसमधली भांडणंसुद्धा स्पॅनिश. माझ्या नोकरीची बरीच वर्षं या वस्त्यांतल्या स्वयंपाकघरांत गेली. मी मुंबईत समाजकार्य शिकले, लग्नानंतर इकडे आले आणि स्पॅनिश पोटासाठी शिकले. डिमेन्शियाच्या रुग्णांना बघायला आमच्या संस्थेत डॉक्टर होते. माझ्या वाट्याला असत त्यांना सांभाळणारी घरची माणसं: लेकी, सुना, नवरे, कधी एखादा धाकटा मुलगा.

कामाची सुरुवात प्रश्नावलीनं व्हायची. सांभाळणाऱ्या माणसावर किती भार पडतो हे मोजायची एक पद्धत स्टीव्हन झरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मांडली. तिचं आज सर्रास वापरलं जाणारं रूप २२ प्रश्नांचं आहे. दर प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. आईमुळे स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का? तिच्या वागण्याची लाज वाटते का? तिचं करणं दुसऱ्या कुणावर सोपवावंसं वाटतं का? मी विचारत जायची आणि समोरची बाई ओट्यावर हात पुसत उत्तर द्यायची, ‘नुंका.’ कधीच नाही. पुढचा प्रश्न, पुन्हा ‘नुंका’. आई शेजारच्याच खुर्चीत बसलेली असायची. कागद भरून झाला की ८८ पैकी पाच-सात गुण. कागदावर या बाईइतकं निवांत माणूस गावात नसेल.

मग ती मला फाटकापर्यंत सोडायला यायची, आणि खरं बोलणं तिथे सुरू व्हायचं. आई रात्री दोनला उठते, कपडे भरते आणि माहेरी निघते. म्हणून ही बाहेरच्या दाराला आडवी गादी टाकून झोपते. आई अडखळली की जाग येते. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या कधी संपल्या ते आठवत नाही. हे सगळं सांगून झालं की म्हणायची, ‘पण माझं काही नाही हं. मी आनंदानं करते.’

सुरुवातीला मला वाटायचं की आईसमोर बोलता येत नाही म्हणून या बायका लपवतात. म्हणून मी त्यांना आईपासून दूर, गाडीत किंवा कपडे धुण्याच्या दुकानात बसवून तेच प्रश्न विचारून पाहिले. उत्तरं तीच. आमच्याकडची एक जुनी कार्यकर्ती, स्वतः आपल्या सासऱ्यांना सांभाळलेली, मला म्हणाली, ‘तू विचारतेस भार होतो का. तिला ऐकू येतं, आईवर प्रेम आहे का. मग ती दुसरं काय सांगणार?’

संशोधकांनाही हेच कोडं पडलं होतं. अमेरिकेत ‘रीच’ नावाचा एक मोठा सरकारी प्रकल्प अल्झायमरच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी चालला. त्यातल्या लॅटिना (म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरांतल्या) आणि गोऱ्या स्त्रियांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅटिना स्त्रियांनी ताण कमी सांगितला, सांभाळण्यातून मिळणारं समाधान जास्त सांगितलं, आणि देवाचा आधारही जास्त घेतला. पुढच्याच वर्षी अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या एका पाहणीत मात्र हिस्पॅनिक (साधारण याच समाजाचं दुसरं नाव) सांभाळणाऱ्यांमध्ये नैराश्य गोऱ्यांपेक्षा जास्त दिसलं. ताण कमी, समाधान जास्त आणि नैराश्यही जास्त. कार्यालयात बसून वाचलं की यातलं काहीतरी चुकलंय असं वाटतं. त्या घरांत जाऊन आलं की काहीच चुकलेलं नाही हे कळतं.

एका घरातलं सांगते. आई ऐंशीच्या पुढची, हालिस्को प्रांतातल्या खेड्यात वाढलेली. मुलांची नावं विसरली होती. दुपारचे चार वाजले की तिची चुळबुळ सुरू व्हायची. मुलं शाळेतून येतील, मला घरी जाऊ दे, म्हणून दाराशी हिसकाहिसकी. दिवस उतरायला लागला की अशी अस्वस्थता अनेक रुग्णांत वाढते. लेकीनं त्यावर तोड काढली होती. चारच्या थोडं आधी ती टेबलावर मेणकापड पसरायची आणि किलोभर फ्रिहोलेस, म्हणजे ठिपक्यांचा राजमा, आईपुढे ओतायची. आई निवडायला बसायची. तर्जनीनं दाणा पुढे ओढायचा, सुरकुतलेला असला तर डावीकडे, चांगला असला तर तळहाताच्या कडेनं मांडीवरच्या पातेल्यात. हात एकदाही चुकत नव्हता. पण हल्ली पिशवीतला राजमा साफच येतो, त्यात निवडण्यासारखं काही नसतं. म्हणून लेक अंगणातले बारीक खडे धुऊन, वाळवून त्यात मिसळायची. रात्री आई झोपली की निवडलेल्यातला थोडा राजमा बाजूला काढायची आणि बाकीच्यात पुन्हा खडे.

मी विचारलं, ‘रोज हे करायचा कंटाळा नाही येत?’

‘येतो की. पण बाजूला काढलेला रविवारी शिजवते. भाऊ जेवायला येतात. एवढ्या दिवसांत कुणाच्या दाताखाली खडा आलेला नाही.’ हे सांगताना तिचा चेहरा असा होता की झरिटच्या कागदावर त्यासाठी रकाना नाही.

खाताना ती एकाच बाजूनं चावत होती, हे माझ्या लक्षात आलं. दाढ किडली होती, कित्येक महिने. दंतवैद्याकडे जायचं तर आईजवळ बसायला कुणी नाही, म्हणून दुखणं अंगावर काढत होती. गाल सुजला की बर्फ लावायची. राजम्याचं सांगताना ती जेवढी खरी बोलत होती, तेवढीच दाढेचं सांगतानाही. ताण आणि समाधान ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेलं की दुसरं खाली, असं मी तोवर धरून चालले होते. या घरानं ते मोडून काढलं. तिच्याकडे दोन्ही भरपूर होतं, आणि एकामुळे दुसरं कणभरही कमी होत नव्हतं.

त्यानंतर मी विचारायची पद्धतच बदलली. कागद भरायचा म्हणून भरायची, पण तो नंतर. आधी साधे प्रश्न. रात्री कोण उठतं? तुम्ही स्वतःसाठी डॉक्टरकडे शेवटचं कधी गेलात? उद्या तुम्हाला ताप आला तर आईला आंघोळ कोण घालेल? काल दुपारी तुम्ही काय जेवलात आणि ते बसून की उभ्यानं? या प्रश्नांत प्रेमाची परीक्षा नसते. म्हणून उत्तरं येतात, आणि ती बहुतेक एकाच माणसाच्या नावाची असतात.

इथे कुटुंबाचा विषय निघतोच. अभ्यासक त्याला ‘फामिलिस्मो’ म्हणतात: घर आधी, आपण नंतर. मोठ्यांना कुणी संस्थेत ठेवत नाही. मी अनेक बैठकांत ऐकलंय, ‘आमच्यात आईला होममध्ये टाकत नाहीत.’ हे ठणकावून सांगणारा बहुधा तो मुलगा असतो जो रविवारी गोड पावांची पिशवी घेऊन येतो, आईच्या कपाळाचं चुंबन घेतो, ‘ती तर छान दिसतेय’ म्हणतो आणि संध्याकाळी निघून जातो. शब्द सगळ्या कुटुंबाचा, पाळायचा एकीनं. ती एकजण म्हणजे लग्न न झालेली, नवऱ्यापासून वेगळी झालेली, किंवा नुसतीच जवळ राहणारी लेक. आपल्याकडच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

भावांना दोष देऊन काही हाती लागत नाही, हेही मी तिथेच शिकले. ‘मदत कराल का?’ असं विचारलं की सगळे हो म्हणतात आणि कुणीच येत नाही. कामाचा तुकडा हातात द्यावा लागतो. एक भाऊ ट्रक चालवायचा आणि बहिणीला फोनवर सल्ले द्यायचा: आईला हे खायला दे, तिच्याशी गोड बोल. बैठकीत मी त्याला फक्त गुरुवारची रात्र मागितली. रात्री दहा ते सकाळी सहा, बहीण आतल्या खोलीत दार लावून झोपेल. नाही म्हणायला जागा नव्हती, म्हणून तो कबूल झाला. काही गुरुवार गेले आणि त्याचाच मला फोन आला. आई तीन वाजता कोट घालून उभी राहते, तिला अडवायचं कसं? मी सांगितलं, अडवू नकोस, कुठे निघालीस ते विचार, तिच्या गावाबद्दल बोलत बोलत दोन चकरा मार आणि मग पाणी पाज. त्यानंतर बहिणीला येणारे सल्ल्याचे फोन बंद झाले. तिच्या मते गुरुवारच्या झोपेहून मोठा फायदा तो होता.

सांभाळणारे पुरुष मला कमी भेटले, पण जे भेटले त्यांच्याकडून खूप कळलं. एक निवृत्त कारागीर होता, सोफे-खुर्च्या शिवणारा. बायकोचे केस कमरेपर्यंत. मुली म्हणाल्या, कापून टाकू, विंचरायचा त्रास वाचेल. यानं नाही म्हटलं आणि नातीकडून वेणी घालायला शिकला. जाड सुया धरून बोटं राठ झालेली, सुरुवातीच्या वेण्या सैल सुटायच्या. पुढे अशी घट्ट, सरळ वेणी घालायला लागला की चर्चमधल्या बायका थांबून बघायच्या. तोच माणूस मला म्हणाला होता की आंघोळीच्या वेळी ती त्याला परका पुरुष समजून किंचाळते, आणि मग तो गॅरेजमध्ये जाऊन रडून घेतो. आंघोळीचं आम्ही हळूहळू सोपं केलं. न्हाणीघर आधी गरम करायचं, अंगावर मोठा टॉवेल राहू द्यायचा, त्याच्याखालून एकेक भाग पुसायचा, आणि मुलीनं बाहेर उभं राहून बोलत राहायचं. किंचाळणं संपलं नाही, कमी झालं. या कामात ‘कमी झालं’ याला मी यश म्हणायला लागले.

अशा बारीकसारीक गोष्टी शिकवल्यानं फरक पडतो हे ‘रीच’च्या दुसऱ्या टप्प्यात मोजूनही पाहिलं गेलं. सहा महिन्यांत बारा सत्रं, नऊ घरी आणि तीन फोनवर. त्यात वर्तनाचे प्रश्न कसे हाताळायचे, स्वतःची तब्येत कशी सांभाळायची, मदत कशी मागायची हे शिकवलं जाई. २००६ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा हिस्पॅनिक आणि गोऱ्या सांभाळणाऱ्यांच्या जीवनमानात ठळक सुधारणा दिसली होती. शिकलेल्या कार्यकर्त्यानं घरी यायचं, बसायचं, दाखवायचं, एवढंच ते.

मुळात या घरांत आजाराचं नावच उशिरा येतं. आजी तीच गोष्ट पाचव्यांदा सांगते, गॅस चालू ठेवते, पर्स लपवते आणि सुनेनं चोरली म्हणते. घरचे म्हणतात, वय झालं, दुसरं काय. वेडाचा शिक्का बसेल ही भीतीही असते. अल्झायमर्स असोसिएशनच्या अंदाजानुसार वृद्ध हिस्पॅनिकांमध्ये या आजाराचं प्रमाण वृद्ध गोऱ्यांच्या सुमारे दीडपट आहे, तरी निदान मागे पडतं. त्यात भाषेची अडचण. डॉक्टर इंग्रजी, आजी स्पॅनिश, मध्ये शाळेतली नात. एका नातीला मी प्रत्यक्ष पाहिलंय. डॉक्टरांनी निदान सांगितलं. ती क्षणभर थांबली आणि आजीला म्हणाली, ‘डॉक्टर म्हणतात, रोज चालायला जा.’ पार्किंगमध्ये आल्यावर ती गाडीमागे जाऊन रडली. तातडीचे प्रसंग सोडून लहान मुलांना दुभाषी करायला केंद्र सरकारनं २०१६ च्या नियमांत मनाई केली. नियम आला तरी त्या मुलीसारख्या पोरी प्रतीक्षाकक्षांतून दिसतच राहिल्या.

पैशाचा प्रश्न तर प्रेमाच्या प्रश्नाहून अवघड. मेडिकेअर हा वृद्धांचा सरकारी विमा आहे, पण दिवसचे दिवस घरी बसून सांभाळण्याचा खर्च तो उचलत नाही. कॅलिफोर्नियात ‘इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस’ नावाची योजना आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा मेडी-कॅल विमा ज्याला मिळतो, त्याला घरी मदतनीस ठेवण्यासाठी तासांप्रमाणे पैसे मिळतात, आणि तो मदतनीस घरची लेकही असू शकते. ज्याला एकटं सोडणं धोक्याचं आहे अशा रुग्णासाठी देखरेखीचे तासही धरतात. सगळे मिळून महिन्याला जास्तीत जास्त २८३. तीस दिवसांच्या महिन्यात तास असतात ७२०. उरलेल्या ४३७ तासांचं काय, हे अर्जात कुठे विचारत नाहीत. तरी २८३ तासांचे पैसे म्हणजे घरभाडं सुटतं.

पण अर्ज पुढे केला की बायका कानकोंड्या व्हायच्या. आईचं केल्याचे पैसे घ्यायचे? लोक काय म्हणतील? मी सांगायची, ‘मायेची किंमत सरकार देत नाहीये. तुम्ही शिवणकामाच्या कारखान्यातली नोकरी सोडलीत, तिच्या पगाराचा थोडासा भाग परत येतोय.’ हे पटायचं. दुसरी भीती मात्र मला घालवता यायची नाही. अनेक घरांत कुणी नागरिक, कुणी ग्रीन कार्डवाला, कुणी कागदपत्रांशिवाय. २०१९ मध्ये ‘पब्लिक चार्ज’चा नियम कडक झाला: सरकारी मदत घेणाऱ्याला ग्रीन कार्ड नाकारता येईल. २०२० च्या फेब्रुवारीत तो लागू झाला आणि २०२१ च्या मार्चमध्ये गेला. त्या मधल्या काळात ज्यांना तो लागूच नव्हता अशा लोकांनीही मंजूर होऊ शकणारे अर्ज माझ्या हातातून परत घेतले. त्यातच करोना. दिवसा रुग्णांना सांभाळणारी केंद्रं बंद, घरातले बाकीचे किराणा दुकानांत आणि गोदामांत कामावर, आणि रुग्ण मास्क ओढून काढतोय. तेव्हा मला फोनवरून ऐकण्यापलीकडे फार काही करता आलं नाही.

आधारगटाचंही सांगायला हवं. सुरुवातीला आम्ही चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी खुर्च्या मांडून बसायचो आणि त्या रिकाम्याच राहायच्या. मन मोकळं करायला या लोकांना आवडत नाही, असा निष्कर्ष आमच्या एका अहवालात लिहिलाही गेला. अडचण साधी होती: आईला कुठे ठेवून येणार? मग आम्ही शेजारच्या खोलीत रुग्णांसाठी लोतेरियाचा डाव मांडला. हा तंबोल्यासारखा खेळ, फक्त आकड्यांच्या जागी चित्रं: कोंबडा, चंद्र, विंचू. हाक दिली की आपल्या तक्त्यावरच्या चित्रावर राजम्याचा दाणा ठेवायचा. ज्यांना स्वतःच्या मुलांची नावं आठवत नव्हती, त्या बायका कोंबड्याची हाक ऐकताच दाणा टाकायच्या. इकडे हॉलमध्ये खुर्च्या पुरेनात. हातात द्यायला आमच्याकडे एक फोटोनोव्हेला होती. स्टॅनफर्डमधल्या डोलोरेस गॅलाघर-थॉम्पसन यांच्या गटानं लॅटिनो कुटुंबांसाठी तयार केलेली ही चित्रकथा, फोटो आणि संवादांतून एका घराची गोष्ट सांगणारी. २०१५ मध्ये तिची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा ती वाचणाऱ्यांमधली नैराश्याची लक्षणं नेहमीची माहितीपत्रकं मिळालेल्यांपेक्षा जास्त कमी झालेली दिसली. आमच्या बायका ती एकमेकींना वाचून दाखवायच्या आणि त्यातल्या रविवारच्या भावाला मनसोक्त शिव्या घालायच्या.

त्या हॉलमध्ये मी जे ऐकलं ते कुठल्याही स्वयंपाकघरात ऐकलं नव्हतं. एखादी म्हणायची, ‘काल मी तिच्यावर ओरडले.’ दुसरी म्हणायची, ‘मी तर रोज ओरडते.’ सगळ्या हसायच्या. समाधानाचंही बोलणं तिथेच मोकळं व्हायचं, कारण ते कुणाला दाखवायचं नसायचं. आईनं ओळखलं नाही पण हात धरून ठेवला. वडील आयुष्यात प्रथमच ‘ग्रासियास’, धन्यवाद, म्हणाले. ज्या बाईला ताण बोलून दाखवायची मुभा मिळाली, तिच्या तोंडी समाधानही तोंडदेखलं राहिलं नाही.

पुण्याहून माझ्या नणंदेचा फोन येतो. तिच्याकडे सासूबाई आहेत, आजार हाच. ‘कशी आहेस?’ म्हटलं की ‘आम्ही मजेत’ म्हणते. मीही आता तिला ‘कशी आहेस’ विचारत नाही. रात्री कोण उठलं होतं, ते विचारते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती बराच वेळ बोलली आणि शेवटी म्हणाली, ‘हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं.’

राजमा निवडणाऱ्या त्या आजी पुढे वारल्या. लेक त्यानंतरही गटात येत राहिली, नव्या बायकांना धीर द्यायला. एकदा कुणीतरी तिला विचारलं, पुन्हा करायची वेळ आली तर करशील? ती म्हणाली, ‘डोळे झाकून. पण माझ्या मुलीनं माझ्यासाठी असं एकटीनं करू नये.’

आमच्या निधीदात्यांना यातलं पहिलं वाक्य फार आवडायचं. या समाजात कुटुंब भक्कम आहे, लोक समाधानानं करतात, तेव्हा सेवांवरचा खर्च इतरत्र वळवता येईल, असं त्यावरून सुचवलं जायचं. वार्षिक अहवालात मी दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली. मसुदा वाचून मला विचारणा झाली की यातलं नेमकं ग्राह्य कोणतं धरायचं. मी उत्तर पाठवलं: दोन्ही खरी आहेत, छापायची तर दोन्ही छापा, आणि तरतूद मात्र दुसऱ्या वाक्याप्रमाणे करा.